जुन्या स्प्लेंडरचा क्लच स्लिप होतोय? कव्हर खोलायच्या आधी आणि खोलल्यावर

तिसऱ्या गिअरला मूठ पिळली की इंजिन ओरडतंय, पण गाडी काही पुढं सरकत नाही. सपाटीला फारसं जाणवत नाही. येळ्ळूरच्या राजहंसगडाचा चढ लागला, किंवा मागं रताळ्याचं पोतं टाकलं, की लगेच कळतं. ॲव्हरेज घसरलेलं असतं, उजव्या बाजूनं तेल करपल्याचा वास येतो. क्लच स्लिप होण्याची, म्हणजे क्लचच्या प्लेटा एकमेकींवर घसरून इंजिनचा जोर चाकापर्यंत पूर्ण न पोचण्याची, ही लक्षणं. गॅरेजात गाडी आली की पोरं उतरायच्या आधीच सांगतात, "मामा, प्लेटा घालून द्या की." मी म्हणतो, थांब जरा, आधी क्लचची वायर बघू. कारण प्लेटा न बदलता बरी होणारी गाडी मी दर महिन्याला बघतो, आणि नव्या प्लेटा घालूनही स्लिप होणारी पण बघतो.

मी बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, लेथवर बरीच वर्षं काढली, आता घरच्या पडवीतच गॅरेज चालवतो. माझ्याकडं येणाऱ्या गाड्या बहुतेक हिरो होंडाच्या वेळच्या: सीडी हंड्रेड, स्प्लेंडर, पॅशन. सीडी हंड्रेड १९८५ ला आली, स्प्लेंडर १९९४ ला. तिघींचं इंजिन एकाच घराण्यातलं, ९७.२ सीसीचं. पाटी बेळगावच्या केए २२ ची असो की चंदगडकडून आलेली कोल्हापूरच्या एमएच ०९ ची, आतला क्लच तोच. म्हणून खाली जे लिहिलंय ते या गाड्या समोर धरून. दुसऱ्या कंपनीच्या जुन्या शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीलाही यातलं बरंचसं लागू पडेल. बुलेटचं मात्र नाही, तिचा क्लच डाव्या बाजूला आणि बांधणीच वेगळी.

खरंच क्लच आहे का?

सपाट, मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरला तीस-पस्तीसच्या वेगात जा आणि एकदम पूर्ण मूठ पिळा. इंजिनचा आवाज आधी चढला आणि गाडी मागाहून रेंगाळत आली, तर क्लच स्लिप होतोय. आवाजच चढत नसेल, इंजिन गुदमरत असेल, तर दोष कार्बोरेटरचा, एअर फिल्टरचा किंवा प्लगचा. क्लचला हात लावू नका. जोर दिला की कट-कट करून झटका बसत असेल तर चेन आणि चेन सॉकेट (चेनची दातेरी चक्रं) बघा, दात झिजून चेन उडी मारते. शिवाय मेन स्टँडवर लावून मागचं चाक हातानं फिरवून बघा. चिखलानं भरलेला मागचा ब्रेक धरून राहिला तरी गाडी ओढत नाही, आणि लोक क्लचला दोष देतात.

उभ्या गाडीवरची परीक्षा अशी: दोन्ही ब्रेक दाबून चौथा गिअर टाका, थोडी रेस ठेवून क्लच हळूहळू सोडा. चांगला क्लच असेल तर इंजिन बंद पडलं पाहिजे. लिव्हर पूर्ण सोडूनही ते चालूच राहत असेल तर निदान पक्कं. ही परीक्षा एकदाच करायची. चारजणांना दाखवायला चारवेळा केली तर उरलेल्या प्लेटाही जाळून ठेवाल.

बाहेरून बघायच्या दोन गोष्टी

पहिली वायर. लिव्हरच्या टोकाला १० ते २० मिलिमीटर मोकळी हालचाल पाहिजे, म्हणजे लिव्हर तेवढी आत येईपर्यंत वायरवर ताण येता कामा नये. आता यात एक गंमत आहे, ती समजून घ्या. या इंजिनात प्लेटा झिजतात तसतशी स्प्रिंग प्रेशर प्लेटीला (बाकीच्या प्लेटा दाबून धरणारी मागची प्लेट) बाहेरच्या बाजूला ओढत जाते, आणि उजव्या कव्हरमधला क्लच दाबणारा भाग व लिफ्टर (ज्यावर तो दाबतो ती मधली प्लेट) यांच्यातलं अंतर कमी होत जातं. म्हणजे झीज ही लिव्हरवरची मोकळीक खात जाते. मोकळीक संपली की लिव्हर सोडलेली असूनही क्लच आतून थोडा दाबलेलाच राहतो. मग प्लेटा घसरायला लागतात, घसरून तापतात, तापून आणखी झिजतात. वर्षभर वायरकडं कुणी बघितलं नाही की एक दिवस चढावर गाडी थांबते.

म्हणून वायर सैल करायची ती आधी खालच्या टोकाला, इंजिनवर वायर ज्याला अडकते त्या आर्मजवळचे दोन नट ढिले करून. हँडलजवळचा अडजेस्टर शेवटी, बारीक फरकासाठी. मग हँडल पूर्ण डावीकडं, पूर्ण उजवीकडं वळवून बघा. एका बाजूला मोकळीक नाहीशी होत असेल तर वायर कुठंतरी ओढली जातेय, तिची वाट बदला. आमच्या पश्चिम भागात भात लावणीच्या दिवसात गाड्या शेताच्या वाटेनं चिखलातूनच जातात. वायरच्या आत माती गेली की लिव्हर सोडल्यावर ती पूर्ण परत येत नाही. वायर वरून सोडवा, टोकाला प्लास्टिकच्या पिशवीचा कोपरा कापून दोऱ्यानं घट्ट बांधा, त्यात दोन चमचे ऑइल ओतून रात्रभर टांगून ठेवा. सकाळी खालच्या टोकातून काळं तेल ठिबकलेलं दिसेल. आतली तार तुटायला लागलेली असेल, एखादा धागा बोटाला टोचत असेल, तर मात्र सरळ नवी वायर घाला.

दुसरी गोष्ट ऑइल. या गाडीचा क्लच इंजिनच्याच ऑइलात बुडून फिरतो. त्यामुळं ऑइल कुठलं घातलंय यावर क्लच धरतो की घसरतो हे ठरतं. बाटलीवर मागच्या बाजूला बारीक अक्षरात जेएएसओ एमए किंवा एमए-टू (ऑइलात बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण) लिहिलेलं असतं, तेच ऑइल घ्यायचं. ग्रेड १० डब्ल्यू ३०. एमबी लिहिलेलं ऑइल गिअर नसलेल्या स्कूटरचं, तिचा क्लच कोरडा असतो. चारचाकीची मायलेज वाढवणारी पातळ ऑइलं तर इथं अजिबात नकोत, त्यांत घर्षण कमी करणारी रसायनं असतात, आणि आपला क्लच चालतोच घर्षणावर. पेट्रोल पंपावर इंजिन गुळगुळीत करायचं म्हणून जी छोटी बाटली गळ्यात मारतात तिचंही तेच. घरात कारसाठी आणलेलं अर्धं डबडं उरलंय म्हणून ते स्प्लेंडरमध्ये ओतणारे आमच्या गल्लीत कमी नाहीत.

ऑइल चुकीचं पडलंय असा संशय असेल तर गरम इंजिनवर ते पूर्ण काढा, बरोबर ऑइल घाला, आठवडाभर चालवा, पुन्हा एकदा बदला. प्लेटा जळल्या नसतील तर बऱ्याचदा एवढ्यानं क्लच धरायला लागतो. लेव्हलही बघून घ्या: गाडी मेन स्टँडवर सरळ उभी, डिपस्टिक पुसून, आटे न फिरवता नुसती टेकवून.

वायर बरोबर, ऑइल बरोबर, तरी स्लिप आहे, तर मग खोला.

खोलताना

सामान आधी आणून ठेवा: क्लच प्लेटांचा सेट, स्प्रिंगा, उजव्या कव्हरचं पॅकिंग, किक शाफ्टचं आणि क्लच आर्मचं ऑइल सील, आणि ऑइलची बाटली. स्प्लेंडरसाठी नऊशे मिलीची बाटली मिळते. पॅकिंग आणि सील जुनीच चालतील असं म्हणू नका. पॅकिंग फाटणारच, आणि रविवारी संध्याकाळी गावात ते मिळत नाही. प्लेटा चांगल्या कंपनीच्याच घ्या. डबा हुबेहूब आणि आतला माल हलका असे सेट बाजारात भरपूर आहेत. हलक्या प्लेटीचा घर्षणाचा तुकडा नखानं उकरला तर भुगा निघतो.

इंजिन थोडं गरम असताना खालचा १७ चा ड्रेन बोल्ट काढून ऑइल परातीत घ्या. त्या ऑइलात बोट फिरवून बघा. नुसतं काळं असेल तर काळजी नाही. जळका वास आणि बारीक काळा रवा लागला तर प्लेटा गेल्या हे कव्हर खोलायच्या आधीच कळलं. चकाकणारा पितळी किंवा चंदेरी चुरा दिसला तर क्लचच्या पलीकडचं काहीतरी झालंय, गाडी मेस्त्रीकडं न्या.

किक काढा, क्लच वायर आर्ममधून सोडवा, फुटरेस्ट किंवा सायलेन्सर आडवा येत असेल तर तोही ढिला करा. कव्हरचे बोल्ट ८ च्या टी-पान्यानं निघतात. सगळे एका लांबीचे नसतात, म्हणून पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून जिथला बोल्ट तिथं खोचून ठेवा. लांब बोल्ट आखूड जागी घालून पिळला की क्रँककेसचे आटे जातात, आणि ते काम क्लचपेक्षा महाग पडतं. कव्हर चिकटलेलं असेल तर प्लास्टिकच्या हातोडीनं कडेकडेनं ठोका. फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका. त्या जागेला एक चरा पडला की जन्मभर तिथून तेल पाझरणार. कव्हर येताना दोन पोकळ डॉवेल पिना (कव्हर नेमक्या जागी बसवणाऱ्या) कुठं आहेत बघा, एखादी हमखास खाली पडते.

आता समोर दोन गोल दिसतील. मागचा मोठा तो क्लच. पुढचा, क्रँकच्या टोकावरचा लहान, तो ऑइलचा सेंट्रिफ्युगल फिल्टर. या इंजिनात कागदी फिल्टर नाही. हा डबा फिरतो आणि तेलातली घाण जोरानं भिंतीवर फेकून धरून ठेवतो. झाकणाचे स्क्रू नेमक्या मापाच्या पेचानं काढा, ते फार लवकर झिजतात. आत भिंतीला लागून काळी घट्ट वडी बसलेली असते, काजळात ग्रीस मळल्यासारखी. ती म्हणजे तुमच्या जुन्या प्लेटा. लाकडाच्या काडीनं खरवडून, पेट्रोलच्या फडक्यानं पुसून काढा. धातूच्या हत्यारानं खरवडू नका, आणि मधल्या तेलाच्या भोकात कचरा ढकलू नका. खाली केसच्या तोंडाशी तेलाची जाळी असते, तीही ओढून काढून रॉकेलमध्ये धुवा. नव्या प्लेटा घालून हे तसंच ठेवणं म्हणजे अर्धंच काम. गावातल्या बऱ्याच गॅरेजात नेमकं हेच राहतं, कारण गिऱ्हाईक त्याचे पैसे देत नाही.

क्लचवर चार बोल्टांनी दाबलेली लिफ्टर प्लेट असते, मध्ये बेअरिंग. हे चार बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे, आळीपाळीनं ढिले करा. एक पूर्ण काढून दुसऱ्याकडं गेलात तर प्लेट तिरकी होते आणि ॲल्युमिनियमचा खांब तुटतो. बेअरिंग बोटावर फिरवून बघा. खरखर लागली तर बदला, त्याला काही फार पैसे पडत नाहीत.

स्प्रिंगा काढल्या की मधला क्लच सेंटर शाफ्टवर कशानं धरलाय ते बघा. मॉडेलप्रमाणे कुठं सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी) असते, कुठं खाचांचा गोल नट. नट असेल तर छिन्नी-हातोडीनं ठोकून काढणारे खूप आहेत, मी त्यांतला नाही. खाचांना बसेल असा पाना विकत मिळतो. नाहीतर जुन्या सॉकेटचं तोंड ग्राइंडरवर घासून चार दात काढले तरी काम होतं. माझा तसाच केलेला आहे, आणि उद्यमबागेत ओळखीचा कुणी असेल तर दहा मिनिटात करून देईल. नट काढताना सेंटर फिरू नये म्हणून चौथा गिअर टाकून एकाला मागचा ब्रेक दाबून धरायला सांगा.

सेंटर, प्लेटा आणि मागची प्रेशर प्लेट एकदमच हातात येतात. लगेच विस्कटू नका. मोबाइलवर फोटो काढा, मग एकेक प्लेट ओळीनं वर्तमानपत्रावर मांडा.

मोजमाप

इथं माझ्यातला लेथवाला जागा होतो. बहुतेक ठिकाणी जुन्या प्लेटा फेकतात, नव्या घालतात, कव्हर बंद. पण बऱ्याच सेटमध्ये नुसत्या घर्षणाच्या प्लेटाच येतात, त्यांच्या मधल्या स्टीलच्या प्लेटा जुन्याच राहतात. तापून वाकलेल्या स्टील प्लेटांमध्ये नवी घर्षणाची प्लेट घातली तर ती पूर्ण तोंडानं टेकतच नाही, उंचवट्यावर टेकते. थोड्याच दिवसांत तक्रार पुन्हा दारात, आणि दोष "प्लेटा डुप्लिकेट निघाल्या" यावर.

स्टीलची प्लेट जाड काचेच्या तुकड्यावर ठेवा. बोटानं एका कडेला दाबून बघा, डुगडुगली तर संपलं. डुगडुगत नसेल तर खालून ०.२० मिलिमीटरची फीलर गेजची (फट मोजायची) पाती सरकवून बघा. कुठूनही आत गेली तर ती प्लेट नको. रंगही बघा. निळे-जांभळे पट्टे म्हणजे ती बेफाम तापलेली आहे. रंग ठीक आणि सपाट पण आरशासारखी गुळगुळीत झालेली असेल, तर १८० नंबरच्या पॉलिश पेपरवर गोल गोल घासून चकाकी मोडा, रॉकेलनं धुवा, वापरा.

घर्षणाची जुनी प्लेट नव्या प्लेटीशेजारी धरून व्हर्नियरनं जाडी मोजा. फरक अगदी किरकोळ असेल आणि तरी क्लच स्लिप होत होता, तर दोष प्लेटांचा नव्हता, स्प्रिंगांचा किंवा ऑइलचा होता. स्प्रिंगांचंही तसंच: जुन्या चारही आणि एक नवी काचेवर उभ्या करा. जुन्या बुटक्या दिसल्या तर सगळ्या बदला, एक-दोन नाही. उंची कमी-जास्त असली की क्लच तिरका दाबला जातो.

स्प्रिंगखाली वॉशर घालून दाब वाढवायचा जुगाड आमच्याकडं फार चालतो. दूधवाल्यांच्या गाड्यांत हमखास सापडतो. तात्पुरता क्लच धरतो हे खरं. पण लिव्हर दगडासारखी होते, वायर लवकर तुटते, आणि स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकले तर क्लच पूर्ण सुटतही नाही, गिअर पडताना खाडखाड. नव्या चार स्प्रिंगांची किंमत त्या दूधवाल्याच्या एका खेपेच्या पेट्रोलइतकीसुद्धा नसते.

प्लेटा ज्यात बसतात त्या बाहेरच्या हाऊसिंगच्या बोटांवर प्लेटांच्या कानांनी खाचा पाडलेल्या असतात. त्यांच्यामुळं क्लच स्लिप होत नाही, पण प्लेटा अडकतात आणि क्लच झटक्यानं सुटतो. खाच नखाला जेमतेम लागत असेल तर बारीक कानशीनं सारखी करा. खोल असेल तर हाऊसिंग बदलायला लागेल. कानस मारत बसलात तर प्लेटांना इतका ढिलेपणा येतो की न्यूट्रलला खडखड आवाज सुरू होतो.

जोडताना

नव्या प्लेटा जोडायच्या आधी निदान तासभर, जमलं तर रात्रभर, त्याच नव्या इंजिन ऑइलात बुडवून ठेवा. कोरड्या बसवल्या तर सुरू केल्याकेल्याच जळू शकतात. मग फोटो बघून त्याच क्रमानं: घर्षणाची, स्टीलची, घर्षणाची, असं करत. शेवटीही घर्षणाचीच. आपल्या गाडीत एखादी प्लेट वेगळ्या जाडीची किंवा बारीक रिंगसह निघाली असेल तर तिची जागा बदलू नका. सगळ्या प्लेटांचे कान एका रेषेत आणून प्रेशर प्लेटीचे चार खांब सेंटरच्या भोकांतून बरोबर बाहेर आलेत की नाही ते बघा, नाहीतर नट आवळल्यावर क्लच दाबलेलाच राहतो.

चार बोल्ट पुन्हा आळीपाळीनं, लहान टी-पान्यानं, मनगटाच्या जोरावर. इथं लांब पान्याला पाइप लावून आवळणाऱ्याचा हात मी धरतो. आटे ॲल्युमिनियममधले आहेत.

जुनं पॅकिंग ब्लेड आडवी धरून खरवडा. नव्या पॅकिंगला ग्रीसचा पुसट हात पुरतो. सिलिकॉन थापायची सवय सोडा. आतल्या बाजूला आलेली त्याची शेपटं तुटून खालच्या जाळीत अडकतात, आणि वरच्या हेडला तेल कमी पडतं. कव्हर लावताना क्लच आर्म बाहेरून हलवून बघा, आतला भाग लिफ्टरला नीट टेकतोय का. किक शाफ्टचे दात नव्या सीलला कापू नयेत म्हणून शाफ्टवर सेलोटेपचा एक वेढा मारा, कव्हर बसलं की ओढून काढा.

ऑइल घालून इंजिन दोन मिनिटं चालवा, बंद करा, पुन्हा लेव्हल बघा, कारण फिल्टरचा रिकामा डबा भरताना तेल खाली जातं. मग वायर नव्यानं सेट करा. प्लेटा जाड झाल्या म्हणजे जुन्या सेटिंगवर मोकळीक एकदम जास्त होणार, आणि क्लच पूर्ण दाबूनही गाडी पुढं ओढणार. १० ते २० मिलिमीटर.

पहिले शंभर-दीडशे किलोमीटर हाफ क्लचवर गाडी खेळवू नका. बाजाराच्या गर्दीत पुढची गाडी हलेपर्यंत क्लच अर्धा धरून उभं राहायची ज्यांना सवय आहे त्यांनी न्यूट्रल करायला शिकावं. जांबोटीवरून चोर्ला घाटाला किंवा निपाणीकडं तवंदी घाटाला डबल सीट जायचं असेल तर चढावर वेळेत खालचा गिअर टाका. वरच्या गिअरला रखडवत आणि मधेच क्लच दाबून रेस देत चढवलेल्या गाडीच्या प्लेटा कुठल्याही कंपनीच्या असोत, टिकत नाहीत. पाचशे किलोमीटरच्या आसपास वायरची मोकळीक पुन्हा मोजा. नव्या प्लेटा बसताना ती थोडी कमी झालेली असते, खालच्या नटावर अर्धा फेरा देऊन सारखी करा. जुनं काढलेलं ऑइल गटारात किंवा बांधावर ओतू नका, बाटलीत भरून गॅरेजात द्या, भंगारवाले घेतात.